जल्लादाचा पाव

लग्नाला पंचवीस वर्षं होतात म्हणून रेजिसने सें-ओर्बांच्या खाणावळीत खोली सांगून ठेवली, तीही ओदिलला न विचारता. कड्याच्या टोकावरचं, जुन्या तटबंदीतलं हे गाव दोघांचं लाडकं. लग्नानंतरची पहिली पाच वर्षं ते दर ऑक्टोबरात इथे येत. मग वीस वर्षं फिरकले नाहीत. आता रेजिस गाडी चालवताना शीळ घालत होता आणि ओदिल दुसऱ्यांदा म्हणाली होती, परत फिरू या.

"अजून तेच घेऊन बसलीस?" तो म्हणाला. "कुणाला आठवतंय आता."

ते म्हणजे नादेज. खाणावळवाल्या बेर्तिलबाईंची एकुलती एक लेक, एकोणीस वर्षांची. वीस वर्षांपूर्वी, ऑक्टोबरातल्या एका दुपारी ती तटावरून खाली पडली. तिच्याबरोबर कुणी पुरुष दिसल्याची कुजबूज होती. पोलिसांनी रेजिसला विचारलं, तेव्हा ओदिलने पुढे होऊन सांगितलं होतं, "हा माझ्यासमोर होता. आम्ही जेवत होतो."

खरं तर बेर्तिलबाई बाजाराला गेल्या होत्या आणि खाणावळीत ओदिल एकटीच जेवत होती. रेजिस अर्ध्या तासाने आला, हात गारठलेले, कोटाच्या कोपराला तटाचा चुना. तिने त्याला एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर संसार तिथेच मोडला असता, आणि तो तिला हवा होता. पोरीने स्वतःच उडी टाकली असं ठरलं. गाव तिच्याबद्दल तोंडाला येईल ते बोललं आणि बेर्तिलबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं.

त्या बेर्तिलबाई आता सत्तरी ओलांडलेल्या. त्यांनी दोघांना ओळखलं, खोलीची किल्ली दिली आणि खिडकीजवळचं जुनंच टेबल मांडलं. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. ओदिलला त्याचीच जास्त भीती वाटली.

पहिल्याच जेवणाला पाव उलटा होता. गोल, जाड सालीचा पाव, पाठ खाली आणि तळ वर, ओदिलच्या पुढ्यात. असा पाव इथे कुणी ठेवत नाही. पूर्वी गावचा पाववाला जल्लादाचा पाव उलटा करून बाजूला ठेवायचा, म्हणजे दुसरं कुणी त्याला हात लावू नये. जल्लाद गेले, भीती राहिली. रेजिसने हसत तो सुलटा केला आणि बेर्तिलबाईंना ऐकू जाईल असं म्हणाला की म्हातारपणी डोळे अधू होतातच.

संध्याकाळी ओदिलने नीट लक्ष ठेवलं. बेर्तिलबाईंनी पाव सुलटाच ठेवला. ओदिलने रुमाल उलगडून मांडीवर पसरला, मान वर केली. पाव उलटा. बेर्तिलबाई तोवर आत गेल्या होत्या आणि रेजिस दारूची बाटली उघडण्यात गुंतलेला. खिडकी बंद होती, तरी टेबलापाशी ओल्या दगडाचा, शेवाळाचा वास येत होता. तटावर येतो तसा.

"रेजिस, आपण उद्या सकाळीच निघू या..."

"पावाला घाबरून? लोकांना सांगशील काय?" तो म्हणाला, आणि तिच्या घाबरटपणावर दोन विनोद केले. त्यातला एक नादेजवर होता. त्या विनोदाने ओदिलच्या आत काहीतरी पेटलं, आणि ते रात्रभर विझलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसण्याआधी रेजिसला तटावर जायची हुक्की आली. बुरुजाचा एक फोटो काढतो, सूप वाढून ठेवायला सांग, म्हणाला. निळा लोकरी स्वेटर चढवून तो चढणीला लागला. ओदिल खिडकीशी बसली. समोर पाव होता, उलटा. दाराशी बेर्तिलबाई उभ्या होत्या.

"हे तुम्ही करता?" ओदिलने हळूच विचारलं.

"मी नाही, बाई. ती करते. वीस वर्षांत कुणाच्या पुढ्यात केला नव्हता."

"म्हणजे मला शिक्षा..."

"ज्याला शिक्षा व्हायची त्याला पाव कोण देतं?" बेर्तिलबाई जवळ आल्या. "पाव जल्लादाचा. कामाला जाण्याआधी त्याने खायचा." थोड्या थांबून त्यांनी विचारलं, "त्या दुपारी तो खरंच तुमच्यासमोर होता का?"

एवढ्या वर्षांनी खरं सांगणं इतकं सोपं असेल असं ओदिलला वाटलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली.

आणि तिला भूक लागली. साधी भूक नव्हे. वीस वर्षांचा संताप, स्वतःची लाज, त्या पोरीवरचा तो विनोद, सगळं एकदम पोटात उतरलं होतं. रेजिसचा तिला असा द्वेष कधीच वाटला नव्हता. तिने दोन्ही हातांनी पाव तोडला आणि खात सुटली. घासागणिक बोटं गार पडत गेली, कानांत वारा घोंघावू लागला. दुपारचे टोले पडत होते. शेवटच्या टोल्याबरोबर खालच्या गल्लीत बायका किंचाळल्या.

पोलीस तासाभरात आला. गल्लीत भाजी विकणाऱ्या दोघींनी सगळं पाहिलं होतं. निळ्या स्वेटरमधला माणूस कठड्याशी उभा होता, मागे करड्या कोटातली बाई. तिने दोन्ही हात त्याच्या पाठीला लावले. ओदिलचा करडा कोट दाराजवळच्या खुंटीला होता. त्याच्या बाह्यांवर ओला चुना होता.

"मी इथून उठलेच नाही," ओदिल म्हणाली. "मी जेवत होते. खरंच सांगते... ह्यांना विचारा."

पोलीस बेर्तिलबाईंकडे वळला. त्या टेबलक्लॉथवरचा चुरा तळहाताने गोळा करत होत्या. त्यांनी तो नीट झाडून घेतला आणि मग ओदिलकडे पाहिलं, अगदी शांतपणे.

"बाई नवऱ्याबरोबरच बाहेर पडल्या होत्या," त्या म्हणाल्या. "मी एकटीच होते इथे."

ह्या धडधडीत खोटं बोलताहेत, असं ओरडून सांगायला ओदिल उठली. पण तिची नजर स्वतःच्या हातांकडे गेली. दहाही नखांत निळी लोकर अडकली होती.