अर्ध्या विजेचा लेसर

अर्धी वीज दिली की अर्धा प्रकाश मिळायला हवा, हो ना? मग आमचा लेसर पार विझलाच कसा?

चंद्रावरच्या आमच्या वसाहतीतून मंगळाकडे निघालेल्या यानाशी बोलायचं, ते या लेसरवरूनच. त्या यानात माझी आई आहे. रविवारी यान सूर्याआड जाणार होतं. मग कित्येक आठवडे तिचा आवाज नाही. आणि नेमकी तेव्हाच वसाहतीच्या समितीचे अध्यक्ष वाघोळेकाका यांनी लेसरची निम्मी वीज सभागृहाच्या हीटरकडे वळवली. "प्रकाश थोडा मंद होईल, एवढंच," म्हणाले. त्यांचं काय जातंय म्हणायला!

लेसर सांभाळणाऱ्या यंत्रमानवाला आम्ही ठोकळा म्हणतो. तो म्हणाला, "चिडून काय होणार, केतकी? मांडून बघू."

त्याने जमिनीवर चौकटींचा पट आखला. एक चौकट म्हणजे लेसरमधला एक अणू. तिच्यात बटण ठेवलं, की तो अणू उत्तेजित (वीज मिळून प्रकाश द्यायला तयार झालेला). मसुराचा दाणा म्हणजे फोटॉन (प्रकाशाचा कण).

"दर खेळीला प्रत्येक चौकटीसाठी फासा टाकायचा. दोनाच्या वर पडलं तर बटण ठेवायचं. ही आपली पूर्ण वीज. बटणाच्या चार बाजूंच्या एखाद्या चौकटीत दाणा असेल, तर बटणाच्या जागी नवा दाणा. जुने दाणे आणि उरलेली बटणं उचलायची, कारण प्रकाश लेसरच्या दोन टोकांच्या आरशांतून गळतो आणि अणूही फार वेळ तयार राहत नाही."

काही अणू आपणहून प्रकाश देतातच, म्हणून सुरुवातीला आठ-दहा दाणे टाकले. एका दाण्याने शेजारच्या बटणाचा दाणा केला, त्याने पुढच्याचा. बघता बघता पट मसुराने भरला.

मग निम्मी वीज. आता फक्त पाच किंवा सहा पडले तरच बटण. दाण्यांना शेजारी बटणच भेटेना. हळूहळू सगळे संपले.

"याला पेशीय स्वयंचल म्हणतात (प्रत्येक घर फक्त शेजाऱ्यांकडे बघून बदलतं, आणि त्यातून सगळ्या पटाचं वागणं ठरतं)," ठोकळा म्हणाला. "दाणे गळतात त्याहून कमी जन्मले, तर लेसर पेटतच नाही. त्या हद्दीला उंबरठा म्हणायचं."

मी धावत जाऊन वाघोळेकाकांना घेऊन आले. ते खाली बसले, स्वतः खेळले आणि त्यांना चटकन समजलंसुद्धा. मला केवढा आनंद झाला.

"म्हणजे निम्मी वीज देऊनही प्रकाश शून्यच?"

"हो, काका."

"मग ती निम्मी तरी कशाला फुकट घालवायची?" असं म्हणून त्यांनी तीही बंद केली.

रविवारी यान सूर्याआड गेलं. आईशी एक शब्दही बोलता आलं नाही. मला त्यांचा राग येतो, अजूनही येतो.

त्यानंतर मी आणि ठोकळा रोज पट मांडतो. दाणा एकाऐवजी दोन खेळ्या राहू दिला, तर निम्म्या विजेतही पट भरतो. म्हणजे आरशांतून प्रकाश कमी गळला, की उंबरठाच खाली येतो. म्हणून आम्ही आरशांवर नवा मुलामा चढवतोय. यान पलीकडून बाहेर येईल तेव्हा निम्मी वीज पुरेल.

ती मागायला मात्र वाघोळेकाकांच्याच दारात उभं राहावं लागणार. राहीन.