मधे कोळी नसलेलं जाळं

केबलचं शेवटचं रीळ त्याने उचललं आणि नेमका तेव्हाच तिनेही त्याच रिळावर हात ठेवला.

"हे माझं आहे," ती म्हणाली.

"मी आधी उचललं," तो म्हणाला.

"मी काल फोन करून सांगून ठेवलंय."

दोघांनी दुकानदाराकडे पाहिलं. दुकानदार पंख्याकडे बघत होता. दोन गिऱ्हाइकांना एकच माल कबूल करून बसलेला माणूस दुसरीकडे बघणार तरी कुठे?

"तुला किती लागते?" त्याने विचारलं. पाठीवर फुगलेली सॅक, तिच्या खिशातून तऱ्हेतऱ्हेच्या वायरी लोंबतायत, आणि चेहरा असा निवांत, की जणू दोघं एका शाळेत होती.

तुला? ओळख ना पाळख, आणि सरळ तुला!

"तुम्हाला कशाला हवी आहे?" तिने 'तुम्हाला'वर चांगला जोर दिला.

"मला? द्यायला. कुणाकडे पहिल्यांदा जायचं तर रिकाम्या हाताने जाऊ नये, आई सांगते."

"म्हणून लोक केबल घेऊन जातात होय?"

"ज्याला जे लागतं ते न्यावं. इथे एक जुना बर्फखाना आहे म्हणे. तिथली बाई फार तुसडी आहे. चार वेळा निरोप पाठवला, एकदाही उत्तर नाही. फुलं नेली तर तोंडावर फेकेल. केबल कुणी फेकत नाही."

तिने रिळावरचा हात काढून घेतला.

"घ्या," ती म्हणाली. "पैसे द्या आणि चला. तुसडी बाई वाट दाखवते."

त्याचे कान लाल झाले. कानांपासून लाल होत जाणारा पुरुष तिने पहिल्यांदाच पाहिला आणि... असो. त्या दिवशी तिने ते मनावर घेतलं नाही.

बर्फखाना आत्याचा. घरोघरी फ्रीज आले, तसा आतोबांच्या डोळ्यांदेखत धंदा बसला आणि मागे उरली ती जाड भिंतींची, आतून बुचाच्या लाकडाने मढवलेली एक लांबलचक खोली. आत शिरलं की बाहेरचा रस्ता कुणीतरी कात्रीने कापल्यासारखा बंद. दिवसा ती लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ जुळवायची आणि संध्याकाळी ही खोली उघडायची. कॅमेरे, प्रोजेक्टर, जुने रेडिओ, चार उत्साही पोरी आणि एक निवृत्त गणिताचे मास्तर. भिंतीवर चित्रं हलायची, पावलांच्या आवाजाने दिवे लागायचे. या सगळ्याला 'नवमाध्यम कला' म्हणतात. आळीतले लोक त्याला 'मॅनेजरबाईंचे खेळ' म्हणत आणि तिला मॅनेजरबाई.

मागे एकदा एक मोठी संस्था आली होती. फीत कापली, भाषणं केली, दारावर स्वतःच्या नावाची पाटी ठोकली. वर्षभरात त्यांचा उत्साह आटला, पण जाताना कुलूप मात्र त्यांचंच राहिलं. आपल्याच आत्याच्या दाराचं कुलूप हातोड्याने फोडताना तिने ठरवलं, यापुढे कुणाच्या छत्रीखाली जायचं नाही. म्हणून निरोपांना उत्तर नव्हतं.

"छत्री नाहीच आहे," तो आत्याच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून सांगत होता. "एका देशात बंद पडलेली बेकरी आहे, एका बंदरावर होडीघर आहे, एका शाळेची व्यायामशाळा, एका तारघराचा माळा. सगळे तुझ्यासारखे, आपापल्या किल्ल्या सांभाळून बसलेले. ज्याच्याकडे जे जास्त आहे ते त्याने द्यायचं, ज्याला जे लागतं ते मागायचं. झालं."

"अध्यक्ष कोण?"

"कुणी नाही."

"ऑफिस?"

"नाही."

"आणि भांडण झालं तर?"

"जेवायला बोलावतो."

आत्या खुदकन हसली. तिने एक ताट जास्तीचं मांडलं, आणि तो राहिला. वरच्या मजल्यावरची हिशेबनिसाची जुनी खोली त्याला मिळाली.

त्याच्या 'तू'चा उलगडाही त्याच दिवशी झाला. तो वाढला परमुलखात. ही भाषा त्याला एकट्या आईकडून मिळालेली, आणि आई त्याला कधी 'तुम्ही' कशाला म्हणेल? त्यामुळे दुकानदार तू, मास्तर तू, आत्यासुद्धा तू.

"मला अगं-तुगं करतो मेला," आत्या रात्रीची भांडी पुसताना म्हणाली. मग जरा थांबून, "बरं वाटलं गं. मला तू म्हणणारं आता उरलंय कोण?"

त्याच्या बोलण्यात सगळी आईच भरलेली. अडलेल्या प्रोजेक्टरला तो म्हणायचा, "काय झालं माझ्या राजाला?" गरम झालेल्या लॅपटॉपच्या पाठीवर हात ठेवून, "अंग तापलंय, निजू दे जरा." आणि तिला... तिला तो दिवसातून दहादा विचारायचा, "जेवलीस? स्वेटर कुठाय? डोळे का असे दिसतायत?"

"मी काय तुझी लेक आहे?" ती एकदा वैतागली. एव्हाना तिचंही 'तुम्ही' कधीतरी गळून पडलं होतं.

तो गोंधळला. "नाही. पण... मला काळजीचे एवढेच शब्द येतात. दुसरे कुणी शिकवलेच नाहीत."

"दुसरे म्हणजे कुठले?"

"तेच तर. माहीत नाहीत."

ती पटकन वळून कपाट आवरायला लागली. कपाट आवरलेलंच होतं.

काम जोरात चाललं होतं. पाचही ठिकाणी एकाच वेळी एक गोष्ट करायची असं ठरलं होतं. प्रत्येकाने आपल्या दारापुढच्या रस्त्यावर कॅमेरा लावायचा आणि बाकीच्यांचे रस्ते आपल्या भिंतीवर नाहीतर काचेवर दाखवायचे, आवाजासकट; बघणारेही कोपऱ्यात दिसावेत म्हणून एक छोटा कॅमेरा आत. नाटक नाही, गाणं नाही. नुसता रस्ता.

"कोण बघायला येईल दुसऱ्याचा रस्ता?" तिने विचारलं.

"तू खिडकीत का उभी राहतेस?"

तिने खिडकीकडे पाहिलं आणि कॅमेऱ्याची जागा मोजायला टेप उचलली.

संध्याकाळी केबली गुंडाळायच्या. एकाने वेटोळं घालायचं, दुसऱ्याने टोक धरून पीळ सोडवत पुढे पुढे यायचं. ती खोलीच्या त्या टोकाला, तो या टोकाला. प्रत्येक वेढ्यागणिक ती एक पाऊल जवळ. सुरुवातीला दोघं बडबडत. मग अंतर कमी होत जाई तसे शब्दही कमी. शेवटचा वेढा पडताना केबलचं टोक त्याच्या हातात द्यावं लागे, आणि ते देण्यात उगाच थोडा वेळ जाई. बुचाच्या भिंतींचा मंद वास... आणि इतकी शांतता, की आपल्याच श्वासाची लाज वाटावी.

"अजून एक राहिलीये गुंडाळायची," तो म्हणे.

"ती सकाळीच गुंडाळली," ती म्हणे.

"मग उलगडू का?"

फक्त एक गोष्ट तिला खुपत होती. त्याचा फोन. जेवताना, जिन्यात, केबलच्या ऐन शेवटच्या वेढ्याला तो वाजायचाच. बेकरीवालीचं चित्र हलतंय. व्यायामशाळेतल्या दोन भावांचं एकमेकांशी पटत नाहीये. तारघरवाल्याला होडीघराकडून काही हवंय, पण तोही होडीघराला न विचारता यालाच विचारतोय. आणि हा ताट बाजूला सारून प्रत्येकाची समजूत काढतोय. रस्त्यांचा कार्यक्रम झाला की दुसऱ्या सकाळी तो पुढे निघणार होता. जनावरांच्या एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर काही नवी मंडळी जमली होती, त्यांना जाळ्यात आणायला. त्यांच्यानंतर आणखी कुणी. मग आणखी कुणी.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी त्याचा भात तिसऱ्यांदा गार झाला, तेव्हा तिने तोंड उघडलं.

"तुझ्या या जाळ्याला मधे कुणी नाही म्हणतोस ना?"

"नाहीच."

"मग मघापासून मधे बसून विणतोय तो कोळी कोण?"

तो हसायला गेला, पण हसू अर्ध्यावर राहिलं.

"ऑफिस नाही म्हणतोस," ती म्हणाली. "तूच ऑफिस आहेस. चालतंबोलतं. उद्या तू आजारी पडलास की पाच दारं पुन्हा एकमेकांना अनोळखी. मी कुणाच्या छत्रीखाली जायचं नाही म्हटलं होतं. छत्री नाही खरी, पण छत्रीचा दांडा आहेस तू."

"मग काय करू? त्यांना वाऱ्यावर सोडू?"

"उद्या काहीही झालं तरी हात लावायचा नाहीस. खुर्चीवर बसायचं, माझ्या शेजारी."

"आणि कोलमडलं तर?"

"तर कोलमडेल. पण ते तुझ्यावाचून उभं राहतं का, हे तुला कळायला नको?"

त्याने फोन ताटाशेजारी पालथा ठेवला. मग म्हणाला, "तू तुसडी आहेस, हे खरंच सांगितलं होतं लोकांनी."

"भात खा. गार झालाय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारं उघडली, तेव्हा लोक आले ते खरं तर चहा मिळेल म्हणून. पण भिंतीवर चार रस्ते उजाडले आणि कपातले चहा तसेच राहिले. एका रस्त्यावर सकाळ होती, एकावर भर दुपार. एक कुत्रं रस्ता ओलांडावा की नाही याचा विचार करत होतं, आणि अख्खी आळी श्वास रोखून त्याचा निर्णय ऐकायला थांबली होती. बेकरीसमोरच्या गच्चीत एक म्हातारेसे गृहस्थ झारीने कुंड्यांना पाणी घालत होते.

"अहो, किती ओतताय!" आत्या खुर्चीतून उठली. "मुळं कुजतील!"

आवाज भिंतीतून गेला, समुद्र ओलांडून त्या गल्लीत उतरला. गृहस्थ दचकले, इकडेतिकडे बघू लागले. आत्याने हाताने 'पुरे, पुरे' अशी खूण केली. त्यांना बेकरीच्या काचेवर ती दिसली असावी. त्यांनी झारी खाली ठेवली आणि चक्क कमरेत वाकून नमस्कार केला. खोलीत टाळ्या पडल्या. आत्याने पदर सारखा केला.

आणि तेवढ्यात होडीघराचा रस्ता काळा झाला.

त्याचे हात लॅपटॉपकडे झेपावले. तिने त्याचं मनगट धरलं.

"अगं, पण..."

"बस म्हटलं ना."

खिशात फोन वाजायला लागला. तिने दुसरा हात पुढे केला. त्याने तिच्याकडे असं पाहिलं, की जणू ती त्याचं मूलच मागतेय. मग फोन दिला. तिने तो बंद करून मांडीखाली ठेवला. मनगट मात्र सोडलं नाही. त्याची नाडी तिच्या बोटांखाली धावत होती... आणि खरं सांगायचं तर तिचीही काही निवांत नव्हती. कोलमडलं तर? या माणसाने वर्षानुवर्षं पायपीट करून बांधलेलं आपल्या एका हट्टापायी मोडलं तर?

भिंतीचा तो तुकडा काळाच. लोक चुळबुळायला लागले. बेकरीच्या चित्रात बेकरीवाली येऊन उभी राहिली, कुणालातरी हाका मारू लागली. व्यायामशाळेतले दोघं भाऊ धावत आले. तारघरवाला मान घालून काहीतरी जोडत बसला. सगळे एकदम बोलत होते, आणि पहिल्यांदाच एकमेकांशी.

मग होडीघर परत आलं. उलटं. होड्या वर, आभाळ खाली. आळी हसून हसून बेजार झाली. हळूच चित्र सरळ झालं, आणि बंदरावरची होडीघरवाली पदर नसताना पदराने घाम पुसावा तसा बाहीने कपाळ पुसून हसली.

त्याने हलकेच तिच्या हातातलं मनगट फिरवलं आणि आता तळवा तळव्यावर आला. 

लोक पांगले तशी ती दोघं मागच्या कट्ट्यावर येऊन बसली. पूर्वी इथूनच बर्फाच्या लाद्या गाड्यांवर चढायच्या. भिंतीवरचे रस्ते अजून चालू होते, आणि आत आत्या त्यांच्यापाशीच होती. फोन त्याने सुरू केला होता, आणि तो गप्प होता.

"कुणाचाच नाही आला," तो म्हणाला.

"हं."

"मी नसतो तरी झालंच असतं सगळं."

"हो."

"असं सरळ हो म्हणतात? थोडं खोटं बोलावं माणसाने."

ती हसली. त्याला हसू आलं नाही.

"मघाशी होडीघरवालीला विचारलं," तो म्हणाला, "दवाखान्यावरच्या मंडळींकडे तू जातेस का म्हणून. म्हणाली, केव्हाची तयार बसलेय, तू विचारतच नव्हतास." तो रस्त्याकडे बघत राहिला. "मी एवढी वर्षं सगळीकडे गेलो ते गरज होती म्हणून. आता कुठे जायचं तेच कळत नाहीये. तुला... इथे... माझी काही गरज आहे?"

हो म्हणणं किती सोपं होतं! पण तिला दिसत होतं पुढचं सगळं. हो म्हटलं की तो राहील, बाह्या सरसावेल, होतं नव्हतं ते दुरुस्त करेल. आणि दुरुस्तीचं काही उरलं नाही की सॅक भरेल. गरजेपायी आलेला माणूस गरजेबरोबरच जातो.

"नाही," ती म्हणाली. "प्रोजेक्टर मला लावता येतो. पोरी हुशार आहेत. मास्तरांना तर आता तुझ्यापेक्षा जास्त कळतं. गरज नाही तुझी."

त्याने मान हलवली. सॅकच्या पट्ट्याशी उगाच चाळा केला.

"पण मला तू हवा आहेस," ती म्हणाली.

रस्त्यावरून एक सायकल गेली. ती गेल्यावर मग तो वळला.

"म्हणजे... काही काम नसताना?"

"काही काम नसताना."

"नुसता?"

"नुसता. अगदी निरुपयोगी."

त्याचे कान लाल होऊ लागले, आणि या वेळी तिने ते पुरतं मनावर घेतलं. तो सरकला. खांद्याला खांदा लागला. दोघांपैकी कुणीही तो काढून घेतला नाही.

"अगं ए," आतून आत्याची हाक आली. "त्याला विचार गं, त्या झारीवाल्यांचं नाव काय? तोच विचारून देईल बेकरीवालीला!"

सवयीने तो अर्धवट उठला. तिने काही त्याला ओढलं नाही. नुसती बघत राहिली. तो उभ्या उभ्या क्षणभर थबकला, आणि पुन्हा तिच्याशेजारी नीट, ऐसपैस, मुक्कामाला बसावं तसा बसला.

"आत्या," तो आत बघून मोठ्याने म्हणाला, "तूच विचार की त्याला!"