बिननावाची बटणं

२००६ सालचा श्रावण. वसईच्या आमच्या सहकारी बँकेत मी काउंटरवर चक्क भांडत होते.

"मटिल्डा आंटी, तुमच्या नव्या साइटवर बारा बटणं आहेत. माझा संगणक प्रत्येकाला नुसतं 'बटण' म्हणतो. 'बटण... बटण... बटण!' कुठलं दाबू मी?"

मला जन्मापासून दिसत नाही. पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम माझ्या संगणकात होता. त्याच्या जोरावर मी आमच्या गावात, उमेळ्यात, घरी बसून डॉक्टरांनी रेकॉर्ड केलेली टिपणं टाइप करून द्यायचे. कमाई माझी, पण बँकेचा पासवर्ड थोरल्या भावाकडे, जितूदादाकडे. मी मैत्रिणीला काय भेट पाठवली, हेसुद्धा रात्रीच्या जेवणात चर्चेला यायचं.

आंटी हसल्या. "अगं बाय, मला काय विचारते? साइट बनवणारा तुझ्या बाजूलाच उभा आहे."

बाजूला कुणीतरी घसा खाकरला. "मी चंद्रहास... आणि बारा नाहीत, चौदा आहेत."

"म्हणजे दोन मला सापडलीच नाहीत!"

तो हसला. मध्येच लाजून थांबणारं हसू – ते मला आजही तसंच ऐकू येतं.

त्यानंतर दर शनिवारी मी त्याच्या सातिवलीच्या ऑफिसात जाऊ लागले. ऑफिस कसलं, कारखान्यांच्या वसाहतीतला एक गाळा! शेजारी प्लॅस्टिकच्या बादल्या बनायच्या, त्याचा उग्र वास यायचा. मी चुका सांगायचे, तो बटणांना नावं द्यायचा. पाऊस आला की पत्र्यावर असा ताशा वाजायचा की संगणकाचा आवाजच ऐकू येईना. मग एकाच इअरफोनचं एक टोक माझ्या कानात, दुसरं त्याच्या. वायर आखूड होती... आमची दोघांचीही तक्रार नव्हती.

"ही तुमची संगणकातली बाई माझं नाव कसं घेते?"

"चॅन-ड्रा-हॅस."

"आणि तुमचं? ज्ञानदा?"

मी ऐकवलं. "डन-या-नाडा."

"नाडा?" तो इतका हसला की शेजारचा बादलीवाला डोकावून गेला.

पाचव्या शनिवारी, दादाकडून पासवर्ड मागून घेऊन, मी पहिल्यांदा स्वतः फोनचं बिल भरायला बसले. ऐकत ऐकत शेवटच्या पायरीवर पोचले, तोच साइट बंद. दोन मिनिटांची मुदत होती म्हणे, सुरक्षेसाठी. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. मी पाण्याची बाटली शोधत होते, तेवढ्यात कीबोर्ड खडखडला.

"झालं! भरलं तुमचं बिल," तो आनंदानं म्हणाला.

"पासवर्ड कसा कळला तुम्हाला?"

"तुम्ही टाइप करताना... मी तुमच्या बोटांकडेच बघत असतो ना..."

एरवी या वाक्यानं मी मोहरले असते. तेव्हा मात्र मी माझी पांढरी काठी उचलून दाराकडे वळले.

"घरी एक दादा आहे मला. दुसरा नकोय."

नऊ दिवस मी त्याचा फोन घेतला नाही. दहाव्या दिवशी घेतला – कारण नऊ दिवस मी फोनजवळच बसून होते.

"पासवर्ड बदललात?" त्यानं आधी तेच विचारलं.

"त्याच दिवशी."

"बरं केलंत. मी चुकलो, ज्ञानदा. स्क्रीन बंद करून, नुसतं ऐकून माझं स्वतःचं बिल भरायला बसलो. अकरा वेळा बाहेर फेकला गेलो. बँकेचे साहेब म्हणाले, चार माणसांसाठी कशाला एवढा खटाटोप? मी म्हटलं, मग या कामावरून मला काढा." तो हसला. "काढलं नाही. आता वेळ संपायच्या आत साइट विचारते – अजून वेळ हवाय का? हवा तेवढा मागा."

पुढच्या शनिवारी आई म्हणाली, "पानी भरलंय रस्त्यावर, जाऊ नको." मी गेलेच.

"मी बाहेर थांबतो," चंद्रहास म्हणाला आणि खरंच पावसात जाऊन उभा राहिला. मी सावकाश ऐकलं, चुकले, मागे आले, जास्तीचा वेळ मागितला... आणि विजेचं बिल भरलं गेलं. एकटीनं! मी इतक्या जोरात ओरडले की तो धावत आत आला. केसांतून पाणी निथळत होतं, माझ्या हातावर थेंब पडले.

"मला वाटलं, काही झालं!"

"झालंच की!"

उमेळ्याची रिक्षा रस्त्यापलीकडे मिळायची. कडेला पोचलो तसा तो म्हणाला, "तुम्हाला एकटीला येतं ओलांडता. मी... इथेच थांबू ना?"

"येतं मला." मी हात पुढे केला. "तरी हात द्या."

"पण आत्ताच तर तुम्ही..."

"रस्त्यासाठी नाही मागत आहे."

एक गार, भिजलेला हात माझ्या हातात आला.

पलीकडून रिक्षावाला ओरडून विचारत होता, "ओ ताई, उमेळं काय?"

आम्ही दोघंही उत्तर द्यायला विसरलो.