अंबाझरीचा हिरवा रंग

ही घटना खरी आहे.

मी रसायनशास्त्र शिकवते. पाहिलं तेवढंच लिहायचं, ही सवय मला नोकरीनं लावली आहे. इथेही तसंच लिहिते.

तारीख एकवीस जानेवारी, एकोणीसशे एकोणऐंशी. वार रविवार. जागा नागपूरची, अंबाझरी तलावाची पाळ. वेळ संध्याकाळी पाच ते सहा. म्हणजे अंधारही नव्हता. माणसंही भरपूर होती.

पण आधी दहा वर्षं मागे जावं लागेल. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझी मोठी बहीण चारुशीला चित्रं काढायची. आम्ही इंदोऱ्यात राहायचो. घरात दोन मुली आणि फी एकीचीच भरता येईल अशी वेळ आली, तेव्हा ताईनं चौथीतून शाळा सोडली आणि मी शिकत राहिले. तिला मराठी वाचता यायचं. अक्षर वाकडं, पण लिहिताही यायचं. इंग्रजी नाही.

अडुसष्ट साली तिनं वस्तीच्या विहारासाठी एक मोठं कापड रंगवायला घेतलं. बोधिवृक्षाचं. बाजारातला हिरवा दोन पावसांत उडून जायचा.

"इंदू, तू एवढी शिकून राहिली. मले पानाचा हिरवा करून दे ना वं. उडणार नाही असा."

मी तेव्हा एम.एस्सी.ला होते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, कोणाला न विचारता, मी तिला तो रंग करून दिला. जुन्या काळी चित्रकार वापरत तो. झळझळीत हिरवा. त्यात आर्सेनिक असतं.

बाटलीवर मी लेबल लावलं. नाव, सूत्र, तारीख. खाली लाल शाईनं धोक्याचा शब्द.

सगळं इंग्रजीत. आम्ही लेबलं तशीच लिहायचो.

बाटली देताना मला बस पकडायची होती. मी म्हटलं, "जपून वापर, ताई. सगळं लिहून देलं हाय."

"तू लिहिलं म्हणजे झालं," ती म्हणाली.

तिनं ती बाटली फळीवर ठेवली, लेबल बाहेरून दिसेल अशी. आल्यागेल्याला दाखवायची. "पाहा, माह्या बहिणीचं इंग्रजी!"

ताईच्या दोन सवयी होत्या. ब्रश धुतला की पितळी पेल्याच्या काठावर तीनदा आपटायचा. टिक, टिक, टिक. आणि मग ओठांत धरून त्याचं टोक काढायचं.

ही दुसरी सवय मी लहानपणापासून पाहत होते.

बाटली देताना मला ती आठवली नाही.

दसऱ्यापर्यंत कापड पुरं झालं नाही. एक फांदी राहिली. ताईला उलट्या होऊ लागल्या. हातापायांना मुंग्या यायच्या. तिच्या श्वासाला लसणाचा वास यायचा. माय चिडवायची, "कच्चा लसूण खाते का वं चोरून?" डॉक्टरांनी पोटाचं औषध दिलं. मी परीक्षेत होते. डिसेंबरात ती गेली.

शेवटची आंघोळ घालताना मी तिचे हात धुतले. नखांवर आडव्या पांढऱ्या रेषा होत्या. सगळ्या नखांवर, एकाच उंचीवर.

त्या रेषांचा अर्थ मी पुस्तकात वाचला होता.

मी बोलले नाही.

अर्धवट कापड तिच्या अंगावर घातलं आणि तिच्याबरोबरच जळू दिलं. तिसऱ्या दिवशी मी ती बाटली घेऊन अंबाझरीला गेले. तोंड मेणानं बंद केलं, दगड बांधला आणि पाळीवरून पाण्यात टाकली. मेण लावायला विसरले नाही. तलावाची तेवढी काळजी मी घेतली.

वस्तीत मात्र कुजबुज सुरू झाली. धडधाकट बाई अशी कशी मेली? नवऱ्यानंच काहीतरी चारलं असेल. ताईचा नवरा, लहानूभाऊजी, हिंगण्याच्या एका कारखान्यात कामाला जायचा. गरीब माणूस. लोकांनी त्याच्या घरचं पाणी पिणं सोडलं. पाणी न घेण्याचा अर्थ आमच्या वस्तीला कोणी शिकवायला नको होता. तरी सोडलं.

दोन महिन्यांनी तो कळमेश्वरला निघून गेला. ताईची चार वर्षांची मुलगी करुणा आमच्याकडे राहिली.

बापानं आपल्या आईला मारलं, हे ऐकतच करुणा मोठी झाली. तो वर्षातून एकदा भेटायला यायचा. ती दार लावून घ्यायची.

मी आत बसलेली असायचे.

मला नोकरी लागली. करुणाला मी इंग्रजी शाळेत घातलं. कारण कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तिच्या हाताला आईचीच बोटं होती. चित्रं काढायची. मी तिला फक्त खडू आणून द्यायचे. ब्रश कधी आणला नाही.

एकोणऐंशीच्या जानेवारीत एका कलामंडळानं अंबाझरीवर तलावाकाठचा कलामेळा भरवला. पाळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्या बांधल्या होत्या. दोऱ्यांवर चित्रं, कपड्यांसारखी चिमट्यांनी अडकवलेली. खाली पाण्याजवळच्या दगडांवर मुलांची चित्रस्पर्धा. रंग-ब्रश मंडळच देणार होतं. करुणानं शाळेतून परस्पर नाव दिलं होतं.

दहा वर्षांत मी त्या तलावावर गेले नव्हते.

"मावशी, तू काहून एवढी घाबरून राहिली? मी का पाण्यात पडणार हाय?"

गेले.

पाच वाजता स्पर्धा सुरू झाली. करुणा खाली दगडावर बसली. मी वर चित्रं पाहत चालले. ऊन उतरलं होतं. आलूबोंड्याच्या गाडीपाशी गर्दी होती. माझ्या दोन विद्यार्थिनी भेटल्या. एक हळूच म्हणाली, "मॅडम चित्र पाहून राहिल्या का रंग तपासून राहिल्या?" दुसरी हसली. मीही हसले.

तेवढ्यात वास आला.

लसणाचा...

गाडीचा असेल, म्हटलं. पुढे गेले. गाडी मागे राहिली. वारा समोरून, पाण्यावरून येत होता.

वास कमी व्हायला हवा होता.

वाढला.

आणि मग ऐकू आलं.

टिक... टिक... टिक.

पितळेवर लाकूड.

खाली मुलांकडे मंडळानं दिलेले प्लॅस्टिकचे मग होते. सगळ्यांकडे. मी वरून एक एक पाहिला.

पाळीच्या शेवटच्या टोकाला गर्दी नव्हती. शेवटच्या दोरीवर एकच चित्र होतं. कापडावरचं. लांबूनच मला त्याचा हिरवा दिसला.

तो हिरवा मी ओळखते. मीच केला होता.

बोधिवृक्ष होता. डावीकडची खालची फांदी, जी राहिली होती... ती पुरी झाली होती. पानं ओली होती. एका पानातून रंग ओघळत होता.

मी परत फिरले. पळाले नाही, चालत गेले. मंडळाच्या टेबलावर गोपाळराव नावाचे गृहस्थ यादी घेऊन बसले होते.

"शेवटचं चित्र कोणाचं आहे?"

"कोणतं, बाई?"

"टोकाचं. कापडावरचं झाड."

त्यांनी चष्मा पुसला, यादी पाहिली. "शेवटचा नंबर एक्केचाळीस. तो घोड्याचा हाय. त्याच्यापुढं आम्ही काही लावलंच नाही. पुढची दोरी रिकामीच ठेवली. चिमटे संपले ना!"

"माझ्याबरोबर येता का?"

ते कुरकुरत आले. "संध्याकाळचं पाण्यापाशी असं भासते बाई, उन्हामुळं."

दोरी रिकामी होती.

"पाहा. मी सांगून राहिलो होतो ना?" ते म्हणाले आणि परत गेले.

दोरी हलत होती. बाकीच्या दोऱ्या स्थिर होत्या.

खाली दगडावर एक थेंब होता. मी बोट लावलं. हिरवा. ओला. बोट मी रुमालाला पुसलं आणि रुमाल घडी घालून पर्समध्ये ठेवला. नमुना घ्यायचा असतो, हे मला आठवलं.

मग करुणा आठवली.

या वेळी मात्र मी पळाले.

ती होती. त्याच दगडावर. मांडीवर कागद. समोरच्या पाण्यात तिचं प्रतिबिंब हलत होतं. उजव्या हातात ब्रश, आणि ब्रशाचं टोक हिरवं.

तो हात ओठांकडे जात होता...

"करुणा!"

तिनं हात खाली घेतला. "ओरडते काहून? नाही घालत तोंडात. त्या बाईनं आत्ताच टोकलं मले."

"कोणती बाई?"

"अथीच बसली होती ना, माह्या बाजूले. पांढरं लुगडं घातलेली. मी ब्रश ओठात धराले गेली, तं तिनं हात पकडला माहा. म्हणे, नको वं बाई, तोंडात नको घालू. मी नाही घातला. ते जुनीच सवय हाय माही, खडूचंही मी तसंच करते."

मला हे माहीत नव्हतं. दहा वर्षं ती माझ्या घरात होती.

"हात लय थंड होता तिचा," करुणा म्हणाली. "अन् नखं कशी होती, मावशी... सगळ्या नखांवर पांढऱ्या रेघा. आडव्या."

बाजूचा दगड ओला होता. पाणी तिथपर्यंत पोचत नव्हतं.

"तिनं हे देलं तुह्यासाठी."

करुणानं फ्रॉकच्या खिशातून बाटली काढली.

तीच. तोंडाशी मेण होतं, फोडलेलं. सुतळीचा तुकडा होता. दहा वर्षं पाण्यात राहिलेल्या बाटलीवरचं लेबल मात्र कोरडं होतं. शाई फुटली नव्हती. नाव, सूत्र, तारीख. लाल शाईतला शब्द.

"हे अक्षर तं तुयं हाय," करुणा म्हणाली.

"असतं लोकांचं सारखं."

"अन् सातची मान तू अशीच मोडते."

मी बाटली तिच्या हातातून घेतली. लेबलाच्या खाली, जिथे मी मोकळी जागा सोडली होती, तिथे हिरव्या रंगात मराठीत एक शब्द होता. वाकड्या अक्षरात. ते अक्षरही मला ओळखू येत होतं.

विष.

"ती म्हणे, मावशीले दे अन् म्हण, खालचं वाचून दाखव."

"तुला वाचता येतंय की."

"येते ना. दोनच तं अक्षरं हायेत. पण तिनं तुलेच वाचाले सांगितलं." करुणा माझ्याकडे पाहत राहिली. "वाच ना, मावशी. एवढं काय हाय त्यात?"

एक शब्द होता. तो मोठ्यानं म्हटला असता, तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. कोणी केला रंग. कोणाला दिला. आणि दार लावून घेताना करुणा वर्षानुवर्षं कोणाच्या तोंडावर लावून घेत होती.

मागून आवाज आला.

टिक...

टिक...

मी थांबले. करुणाही थांबली. तिनंही ऐकलं होतं.

तिसरा आवाज आला नाही.

"कॉलेजातल्या कोणाची तरी बाटली असेल," मी म्हटलं. "चल, सहा वाजले."

बाटली मी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली. घरी येऊन पर्स उघडली. बाटली नव्हती. रुमाल ओला चिंब होता, त्याला गाळाचा वास होता. एका कोपऱ्यात हिरवा डाग तेवढा होता.

सोमवारी कॉलेज सुटल्यावर मी त्या डागाची परीक्षा केली. अशा परीक्षेत आर्सेनिक असलं तर काचेच्या नळीत काळा, चकचकीत पट्टा धरतो.

पट्टा धरला.

हे कसं झालं, मला सांगता येत नाही. नळी मी जपून ठेवली आहे.

त्यानंतर प्रयोगशाळेतली सगळी लेबलं मी दोन्ही भाषांत करून घेतली. मुली हसतात. हसू देत.

लहानूभाऊजी पंच्याऐंशी साली कळमेश्वरला वारला. निरोप आला. करुणा गेली नाही. "माह्या मायले मारणाऱ्याची माती मी काहून करू?" म्हणाली. मी शेजारी उभी होते. तेव्हाही एका शब्दाचंच काम होतं.

आता एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी आहे. करुणा पुण्याला नोकरी करते. माझ्यावर फार जीव आहे तिचा. दर महिन्याला पत्र येतं. इंग्रजीत. मराठी मासिकं ती वाचत नाही, भुताखेताच्या गोष्टी तर नाहीच. म्हणून हे मी इथे लिहिलं आहे. खरं नाव, खरी जागा, तारखेसकट. काहीही लपवलेलं नाही.

पुन्हा सगळं लिहून दिलं आहे. जिनं वाचायचं, तिच्या वाचण्यात येणार नाही अशा जागी.

आत्ता दुपारचे तीन वाजलेत. घरात मी एकटीच आहे. पितळी भांडं या घरात मी ठेवलेलं नाही.

लसणाचा वास मघापासून आहे...

स्वयंपाकघरातून आत्ता आवाज आला. एकदा. मग दुसऱ्यांदा.

तिसऱ्याची मी नऊ वर्षं वाट पाहतेय.