लाटेचे सपाट शेंडे

गायिकेच्या लेकीने पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला, पण त्यावरचा हात काही काढला नाही.

आईच्या घशाच्या ऑपरेशनआधीचं ते शेवटचं गाणं. आता तिला गाणं सोडा, बोलताही येत नव्हतं. दोन वर्षांनी, गेल्या आठवड्यात, गाणं पहिल्यांदा लावलं, तर नेमका तार स्वर फाटलेला. ते जपणाऱ्या संगीत-संग्रहाच्या संस्थेने खापर आपल्या रेकॉर्डिस्टवर फोडलं. संध्याकाळी त्याच्या हातात कामावरून काढल्याचं पत्र पडणार होतं.

"आईने लिहून दिलंय, तो माणूस असं करणार नाही," लेक म्हणाली. "ताई, तुम्हीच छडा लावा."

ताईंचे थोरले भाऊ शेजारीच होते. बहिणीच्या प्रत्येक तपासात दादा सोबत असत आणि हटकून भलत्याच माणसावर बोट ठेवत. निवृत्तीनंतर ते संस्थेतही हौसेने राबत. पत्राचा मसुदाही त्यांचाच.

"यात छडा कसला?" ते म्हणाले. "हयगय, दुसरं काय."

संस्थेत आधी संग्रहपाल बाई भेटल्या. गेल्या वर्षी डिस्क भरली तेव्हा दादांनी सगळ्या फाइली दाबून अर्ध्या जागेत बसवल्या होत्या, नवी डिस्क आल्यावर उलगडून पुन्हा मूळ प्रकारात आणूनही दिल्या होत्या. पुढे कुणी हात लावला नव्हता. रेकॉर्डरचं कार्ड मात्र नियमाप्रमाणे केव्हाच पुसलं गेलं होतं.

"लॉसलेस प्रकार," दादांनी कौतुकाने सांगितलं. "कणभर इकडचं तिकडे होत नाही. तो प्रोग्राम तेवढा चौकस. सतरा प्रश्न विचारतो. मी आपला सगळ्याला 'हो' म्हणून मोकळा."

बाई हसल्या. मग रेकॉर्डिस्टने आपली वही पुढे केली. त्या दिवशीची नोंद होती: तार स्वराला पातळी मर्यादेबाहेर. फाइल फ्लोट आहे, नंतर खाली आणू.

"म्हणजे दिसत होतं तरी गप्प बसलात," दादा म्हणाले. "तीस वर्षांत एवढंही शिकला नाहीत?"

रेकॉर्डिस्टने मान खाली घातली. "तेव्हा मला साफ ऐकू आलं होतं. आता वाटतं, कानच गेले असतील."

ताईंनी त्याच्याकडून त्याच खोलीतलं कालचं रेकॉर्डिंग मागून घेतलं. फ्लोट चालणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामने ते दाबलं. आकार पाऊण हिश्शाच्या खाली येईना. गायिकेची फाइल मात्र अर्धी झाली. दुसऱ्याच रेकॉर्डिस्टची एक जुनी फाइल घेतली, तीही अर्धी.

दुपारी त्यांनी सगळ्यांना संगणकापुढे बोलावलं.

"फ्लोट, म्हणजे दशांशी आकड्यांच्या, फाइलमध्ये स्वर मर्यादेच्या वर गेला तरी त्याचा आकडा जपला जातो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पातळी खाली आणली की तो शाबूत मिळतो. तेव्हा ही नोंद हयगयीची नाही, जाणकाराची आहे. पूर्णांकांच्या फाइलीला मात्र छप्पर असतं. वर गेलेलं कापलं जातं. हे बघा, आवाजाच्या लाटेचे शेंडे सगळे एकाच उंचीवर सपाट."

"पण ही फाइल फ्लोटच आहे ना?" लेकीने विचारलं.

"आज आहे. पण खरी फ्लोट फाइल हट्टी असते, फारशी दबत नाही. कालची तशीच वागली. ही अर्धी झाली, कारण हिच्या आकड्यांची शेपटं रिकामी, नुसती शून्यं आहेत. ही मधे पूर्णांकांत जाऊन आली आहे. परत मोठ्या भांड्यात ओतलं म्हणून सांडलेलं भरून येत नाही. आणि दुसऱ्याची जुनी फाइलही तशीच, म्हणजे दुखणं सगळ्या संग्रहाचं आहे. संग्रह दाबणारा तो प्रोग्राम मी पाहिला. त्याला फ्लोट चालत नाही. तो आधी विचारतो, पूर्णांकांत बदलू का?"

एवढं बोलून ताई थांबल्या. भावाकडे त्यांनी पाहिलंही नाही. नाव त्यांना घेता आलं असतं. ती जागा त्यांनी आपल्यासाठी मोकळी सोडली आहे, हे दादांना कळलं.

"मी 'हो' म्हटलं होतं," ते म्हणाले.

रेकॉर्डिस्टने एवढंच विचारलं, "म्हणजे माझे कान ठीक आहेत?" त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं दादांना झालं.

"आणि आईचा स्वर?" लेक म्हणाली.

"तो गेला, बाळ," ताई म्हणाल्या.

दादांनी वही मागून घेतली. त्या नोंदीखाली लिहिलं: नोंद बरोबर. स्वर मी कापला. खाली सही केली. वही परत देताना त्यांना मान वर करता येईना.

"तुझ्या आईला मीच सांगतो," ते लेकीला म्हणाले.

"चला." तिने पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकला. "ती सगळं ऐकून घेईल, काका. तिला उलट बोलता येत नाही."