दाराच्या उजवीकडची माती

सुंबरलारांगमध्ये जमीन घ्यायची किंवा विकायची म्हटली की वारसिनी बुलिकला गाठायचं, हे आता पार सोलो शहरातल्या दलालांनाही ठाऊक झालंय. बुलिक म्हणजे धाकटी मावशी. नात्यानं ती कुणाचीच मावशी नाही, म्हणून सगळ्या गावाची आहे. समुद्राकडे जाणारा मोठा रस्ता टेकडीच्या पायथ्याशी आला, आणि ज्या खडकाळ रानाकडे बकरीसुद्धा नाक मुरडायची त्याला शहरातले लोक ‘व्ह्यू’ म्हणायला लागले. तेव्हापासून बुलिकचं बरं चाललंय.

तारजोनो तिच्याकडे आला तो आईबापाचं घर विकायला. आई जाऊन वर्ष झालं होतं, बाप त्याच्याही आधी गेलेला. तो सोलोत टेम्पो चालवायचा आणि बायकोला घेऊन भाड्याच्या एका खोलीत राहायचा. त्याच्या बायकोला, एंदाहला, सातवा महिना होता. आधीची दोन पोटातच गेलेली, त्यामुळे या खेपेला दोघंही बोलताना आवाज खाली ठेवायचे. शहराबाहेर एक बैठं घर मिळत होतं, पुढे अंगण असलेलं. अंगणाचा हट्ट एंदाहचा.

“माझ्या बाळाची वार मी बादलीत पुरणार नाही,” ती म्हणायची. शहरात भाडेकरू बिचारे तेच करतात. बादलीत माती भरतात आणि वार त्यात ठेवून देतात. पण वार म्हणजे बाळाचं पाठचं भावंड. ते मडक्यात घालून बापानं दारापाशी पुरायचं, वर दिवा लावायचा. मुलगा असला तर दाराच्या उजवीकडे, मुलगी असली तर डावीकडे. त्याला बादलीत ठेवायचं म्हणजे काय!

“विकतोयस खरा, पण मागाहून माझ्या नावानं बोटं मोडू नकोस,” चहा ओतता ओतता बुलिक म्हणाली. “दोन वर्षांत इथं हॉटेलं उठतील.”

“दोन वर्षं इथं करू काय बुलिक? साबुकंद वाळवू? निम्मं वर्ष टँकरचं पाणी, उरलेलं निम्मं टँकरची वाट.”

“हे गिऱ्हाइकासमोर बोललास ना, तर याच किटलीनं हाणीन.”

गिऱ्हाईक म्हणजे सेमारांगचे हेंद्रोसाहेब, निवृत्त दातांचे डॉक्टर. त्यांनी ओसरीवर उभं राहून दूरवरची समुद्राची निळी रेघ पाहिली, दीर्घ श्वास घेतला, आणि सौदा तिथंच झाला. पाण्याचं त्यांनी विचारलं नाही. बुलिकनंही सांगितलं नाही.

किल्ली द्यायच्या दिवशी दुपारीच धुकं उतरलं. तारजोनोनं आणि एंदाहनं राहिलेलं सामान बांधलं. साहेबांची जीप फाटकात घरघरत उभी होती. बुलिक लगबगीनं जवळ आली.

“तुझ्या पाठच्याला सांगितलंस का?”

“बुलिक, ते लोक थांबलेत...”

“थांबू देत. त्यांना दात काढायला जायचं नाहीये आता. भावाला न सांगता घर सोडणारा माणूस कुठंच टिकत नाही. मूठभर माती घे, मोठ्यानं हाक मार, आणि बरोबर ने.” इतक्यात साहेबांनी हॉर्न दिला आणि ती तिकडे धावली.

तारजोनो दाराच्या उजवीकडे बसला. उन्हाळ्यानं सगळं अंगण भेगाळलं होतं. तिथली माती मात्र हाताला मऊ लागली. ओली आणि थोडीशी कोमट. चुलीजवळच्या राखेचा असतो तसा वास आला. त्यानं ती केळीच्या पानात बांधली. मोठ्यानं बोलायची लाज वाटत होती, तरी बोलला.

“चल रे भावा. आपण नव्या घरी चाललोय. चल माझ्याबरोबर.”

उतारावर मोटारसायकल जड चालली होती. पहिल्या वळणाशी एंदाह मागून म्हणाली, “जरा पुढे सरका ना. मध्ये काय ठेवलंय?”

“काही नाही. पोट आलंय तुझं पुढे.”

“पोट माझं मला कळतं हो,” ती म्हणाली. पण धुक्यात रस्ता दिसत नव्हता, म्हणून विषय तिथंच राहिला.

नव्या घरी त्यानं ती माती दाराच्या उजवीकडे पुरली. घर छान होतं. नळाला पाणी होतं, कोपऱ्यावर दवाखाना होता. एंदाहनं अंगणात मिरचीची रोपं लावली. आणि एका दुपारी, ती कुशीवर झोपलेली असताना, तारजोनोनं तिला दचकून उठताना पाहिलं.

“काय झालं? दुखतंय?”

“लाथ मारली.”

“मग चांगलंच आहे की!” तो हसला. “मारू दे. बापावर गेलंय.”

“पोटात नाही...” तिनं हात मागे नेला. “पाठीवर. बाहेरून.”

त्यानं तिचा झगा वर करून पाहिलं. पाठीवर, मणक्याच्या बाजूला, एक लालसर खूण होती. रुपयाएवढी नाही, त्याहून लहान. टाचेएवढी म्हणावी, तर कुणाच्या टाचेएवढी?

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग रोजच. आणि मागून लाथ बसली की पोटातलं बाळ निपचित व्हायचं. संध्याकाळपर्यंत हलायचंच नाही. दवाखान्यातली बाई म्हणाली, सगळं ठीक आहे. एंदाह रडून रडून अर्धी झाली. आधीची दोन अशीच हलायची थांबली होती.

शेवटी तारजोनोनं बुलिकला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं. 

“माती कुठली घेतलीस?”

“दाराच्या उजवीकडची.”

“कुठल्या दाराच्या?”

“म्हणजे? घराला दार एकच आहे.”

“अरे देवा... तुला कुणी सांगितलंच नाही का? तू चार वर्षांचा असशील. बैलगाडीचा रस्ता पलीकडच्या बाजूनं झाला, तेव्हा तुझ्या बापानं घराचं तोंड फिरवलं. अख्खं गाव जमलं, खांबांसकट घर उचललं आणि उलट दिशेला तोंड करून ठेवलं. मी भात रांधला होता सगळ्यांना. तुझी वार जुन्या दाराशी आहे, दरीच्या बाजूला. मी सांगणार होते, पण त्या मेल्यानं हॉर्न वाजवला.”

“मग मी आणली ती माती...”



“तिथं आधी स्वयंपाकघर होतं,” बुलिक हळू आवाजात म्हणाली. “तुझ्याआधी तुझ्या आईला एक झालं होतं. सातव्यातच. रडलंसुद्धा नाही रे. नाव नाही, काही नाही. थंडी वाजू नये म्हणून तिनं त्याला चुलीपाशी पुरलं. घर फिरवलं तरी ती रोज त्याच जागी पाट टाकून बसायची... तू त्याला काय म्हणून हाक मारलीस?”

“भावा म्हणून.”

“आणि ‘चल’ म्हणालास?”

“म्हणालो.”

“मग येणारच की. त्याला आजवर कुणी हाकच मारली नव्हती.”

 माती परत आणून ठेवतो, असं तारजोनो म्हणाला. त्यावर बुलिकनं सांगितलं, की कुठं ठेवणार? साहेबांनी गाड्या लावायला पुढच्या सगळ्या आवारात काँक्रीट ओतलंय. आणि दरीच्या बाजूला पोहायचा हौद खणलाय. टँकरनं भरणार म्हणे. म्हणजे त्याचं पाठचं भावंड उकरून दरीत गेलं होतं, आणि थोरलं दाराशी येऊन बसलं होतं. दोन्हींतलं काहीच आता फिरवता येण्यासारखं नव्हतं.

त्यानं एंदाहपासून लपवायचं ठरवलं होतं, पण तोंड बघूनच तिनं ओळखलं. सगळं ऐकल्यावर ती घाबरेल असं त्याला वाटलं. ती उलट त्याच्यावरच उखडली.

“माती नदीत सोडू म्हणता? आपलीही दोन अशीच गेली ना? त्यांना कुणी नदीत सोडा म्हटलं असतं तर चाललं असतं तुम्हाला?” तिनं वाटीत दूधभात कालवला, दाराच्या उजवीकडे नेऊन ठेवला, दिवा लावला. “राहा हो बाळा,” ती म्हणाली. “पण धाकट्याला त्रास द्यायचा नाही.”

लाथा थांबल्या. पोटातलं बाळ पुन्हा पहिल्यासारखं उसळायला लागलं. दिवस भरले, आणि मुलगी झाली. काळीसावळी, ठणठणीत, दवाखाना डोक्यावर घेणारी. तारजोनो आनंदानं वेडा व्हायचा बाकी होता. त्यानं स्वतःच्या हातानं वार धुतली आणि मडक्यात घालून दाराच्या डावीकडे पुरली. आता दाराच्या दोन्ही बाजूंना दिवे लागू लागले. शेजारच्यांना वाटलं जुळं झालं.

पण मुलगी अंग धरेना. दवाखान्यातली बाई वजन करायची आणि दर वेळी ओठ मुडपायची. “आईला दूध नाहीये का?” तारजोनो पालेभाज्या आणायचा, मासे आणायचा. एंदाह पोटभर जेवायची. दूध तर इतकं उतरायचं की झगा भिजायचा. तरी पोर भुकेलेलीच.

एका संध्याकाळी तो टेम्पो लावून घरी आला. मशिदीत अजान नुकतीच संपली होती. बाहेरूनच त्याला मुलीचं रडणं ऐकू आलं, बारीक, थकलेलं. मुलगी आत चटईवर एकटीच होती आणि स्वतःची मूठ चोखत होती. एंदाह दाराच्या उजव्या चौकटीला टेकून जमिनीवर बसली होती. झग्याची गुंडी उघडी होती. डावा हात कुशीत मूल धरावं तसा वाकवलेला, आणि उजव्या हातानं ती त्या रिकाम्या जागेवर थोपटत होती.

“एंदाह... बाळ रडतंय.”

“ऐकतेय,” तिनं डोळे न उघडता सांगितलं. “थांबवा तिला जरा. थोरल्याचं होऊ दे.”

दूध उतरत होतं, पण तिच्या कोपराच्या बेचक्यातून त्याचा एकही थेंब खाली पडत नव्हता.