भाऊबीजेची समपट्टी

डॉ. रेणुका हुद्दारांनी शंतनूच्या कपाळावरची समपट्टी सोडवली. आधी त्याला प्रयोगशाळेतला गारवा जाणवला. मग समोरच्या पडद्यावरचा त्याच्या कमाईचा आलेख दिसला आणि तो दचकला. किती तरी महिन्यांत तो दचकला म्हणून नव्हता.

"ही घसरण माझी?"

"तुमचीच. बरेच दिवस घसरताय. आकडे दिसत होते तुम्हाला, फक्त ते बोचत नव्हते."

शंतनू टिपणीस हा ऑनलाइन पोकर स्पर्धांमधला नावाजलेला खेळाडू. म्हणजे, होता. हा खेळ मोठा खट्याळ. आपल्याकडे एक्क्यांची जोडी असावी, समोरच्याकडे सत्त्यांची, आणि शेवटचं पान सत्ती निघून डाव त्यानं न्यावा, हे तिथं रोजचंच. असा एक डाव गेला की शंतनू पुढचे दहा रागाच्या भरात उधळायचा. सलग जिंकला, तर अंगावर मूठभर मांस चढायचं आणि तेच दहा डाव तो तोऱ्यात उधळायचा. या दुखण्यावर उपाय म्हणून त्यानं डॉक्टरांच्या प्रयोगात नाव दिलं होतं.

"पण सुरुवातीला मी केवढा जिंकलो!" तो म्हणाला.

"जिंकणारच. हरल्याचं दुःख म्हणजे काय? मेंदूनं धरलेली अपेक्षा आणि पदरात पडलेलं फळ यांची वजाबाकी. कमी पडलं की दुःख, जास्त मिळालं की आनंद. समपट्टी ती वजाबाकी पोचूच देत नाही, म्हणून तुमचं डोकं थंड राहिलं. पण मेंदू शिकतो तोही त्याच वजाबाकीवर. अपेक्षा चुकली हे जाणवलंच नाही, तर ती बदलणार कशी? पट्टी बांधली त्या दिवशी होतात तसेच तुम्ही राहिलात. बाकीचे शिकून पुढे गेले."

"मग मीच ती काढून का नाही टाकली?"

"कशाला काढाल? काहीतरी बिनसलंय, हेसुद्धा वजाबाकीच सांगते. पट्टी घातलेला माणूस ती काढा असं आपणहून म्हणत नाही. प्रयोगाची मुदत संपली, म्हणून मी काढली."

शंतनूचा चेहरा पांढराफटक पडला. त्याला वृंदाताई आठवली.

समपट्टीच्या आधी त्याचा उपाय म्हणजे ही थोरली बहीण. ती त्याच्याकडेच राहायची. तो खेळायला बसला की शेजारी मेथी निवडत बसायची. तिला पोकरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. डाव संपला की एवढंच विचारायची, "चांगला खेळून हरलास, की वाईट खेळून?" चांगला म्हटलं तर, "मग जेवायला चल." वाईट म्हटलं तर, "मग उद्या सुधार. आता जेवायला चल." जिंकल्यावरही हाच प्रश्न असायचा, त्यामुळे शेफारायची सोय नव्हती.

पट्टी आल्यावर त्यानं तिला सांगितलं होतं, "ताई, आता तू शेजारी बसायची गरज नाही." दोनदा तिनं हसण्यावारी नेलं. तिसऱ्यांदा बॅग भरून ती मिरजेच्या घरी गेली. डोळ्याच्या ऑपरेशनला येशील का, म्हणून तिनं फोन केला, तेव्हा तो म्हणाला होता, "स्पर्धा आहे." आणि त्याच दमात गिझरचं बटण कुठलं ते विचारलं होतं. पुढं एकदा ती फोनवर रडली. "तू असा कोरडा का बोलतोस रे? मला नाही सहन होत."

सहन होत नाही ना? मग उपाय सोपा होता. घरच्यांसाठी म्हणून प्रयोगशाळेनं दिलेली दुसरी समपट्टी त्यानं भाऊबीजेला कुरिअरनं पाठवली. स्वतः गेला नाही. "ताई, ही तुझी ओवाळणी. रोज बांध. आता त्रास होणार नाही." त्यानंतर ताईची एकही तक्रार आली नाही, आणि या शहाण्यानं ते स्वतःचं यश मानलं!

आता त्याची कानशिलं तापली. डॉक्टरांकडे बघवेना.

"मला हे काय होतंय?"

"लाज वाटतेय. आपण स्वतःला कोण समजत होतो आणि केलं काय, याची वजाबाकी."

"ताईची पट्टी काढता येईल?"

"त्या म्हणाल्या तर. त्यांच्या संमतीशिवाय मी हात लावणार नाही."

त्याच दिवशी तो मिरजेला गेला. वाटेत माफीची वाक्यं जुळवत राहिला. दार ताईनंच उघडलं. टिकलीच्या वर राखाडी पट्टी होती.

"ये. चहा घेतोस?" जणू तो शेजारच्या गल्लीतून आला होता.

शंतनूनं तिचे पाय धरले. जुळवलेली वाक्यं बाजूलाच राहिली. "ताई, मी फार वाईट वागलो गं तुझ्याशी."

"हो," ती शांतपणे म्हणाली. "आलं घालू ना?"

"ताई, ती पट्टी काढ."

"का रे? मला काही त्रास नाही."

"मी सांगतो म्हणून काढ."

"बांध म्हणून सांगितलंस, तेही तूच. आणि भावाची ओवाळणी अशी कुणी काढून ठेवतं का?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर त्याला धीर आला असता. तिच्या मनातला भाऊ त्या भाऊबीजेलाच कायमचा ठरून गेला होता, न येणारा. आता तो रोज आला, रोज रडला, तरी त्या भावात तसूभर फरक पडणार नव्हता. वजाबाकीची वाट त्यानंच तर बंद करून दिली होती. त्याला मान वर करता येईना.

ताईनं कप पुढ्यात ठेवला आणि जुन्या सवयीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"हरलास वाटतं?"

"हो."

"चांगला खेळून, की वाईट खेळून?"

"वाईट खेळून, ताई. फार वाईट."

"मग उद्या सुधार," ती म्हणाली. "आता चहा घे."